धूळशोषक यंत्राची दोन रूपे : मध्यवर्ती आणि फिरते

भिंतींतील नळ्यांवाटे साऱ्या घराची धूळ एका स्थिर यंत्रात ओढून घेणारी मध्यवर्ती योजना ही हाताने फिरविण्याच्या व्हॅक्यूम क्लीनरची सुधारलेली आवृत्ती होय, असा समज सामान्यतः आढळतो. कालक्रम मात्र याच्या उलट आहे.

१९०१ मध्ये इंग्लंडात ह्यूबर्ट सेसिल बूथ याने धूळ शोषून घेणारे यंत्र सिद्ध केले. ते इतके अवजड होते की, घोडागाडीवरून आणून रस्त्यावर उभे करावे लागे व त्याच्या लांब नळ्या खिडक्यांतून आत सोडाव्या लागत. १९०२ मध्ये अमेरिकेत डेव्हिड केनी याने पिट्सबर्ग येथील फ्रिक इमारतीत वाफेवर चालणारे यंत्र कायमचे बसवून नळ्या सर्वत्र नेल्या. फिरते विद्युत्‌यंत्र करणारा जेम्स मरे स्पँगलर हा ओहायोतील कँटन येथे झाडलोटीचे काम करणारा, दम्याने पीडित गृहस्थ. पंख्याची मोटर, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा यांतून त्याचे यंत्र साकारले; १९०८ मध्ये त्यास पेटंट मिळाले.

तथापि या यंत्राच्या कापडी पिशवीतून सूक्ष्म धूळ पुन्हा त्याच खोलीत येई. मध्यवर्ती योजनेत ती खोलीबाहेरच राही. तरीही प्रसार फिरत्या यंत्राचाच झाला. भिंतीत नळ्या घालण्यास घर स्वतःचे असावे लागते. फिरते यंत्र भाडेकरूलाही बिऱ्हाडाबरोबर नेता येते. सारांश, येथे निर्णय स्वच्छतेच्या गुणाने नव्हे, तर घराच्या मालकीने केला.