नांदेड-लातूर विमानतळ भाडेपट्टा प्रकरण

नांदेड-लातूर विमानतळ भाडेपट्टा प्रकरण म्हणजे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या (एमआयडीसी) मालकीचे नांदेड, लातूर, बारामती, यवतमाळ आणि उस्मानाबाद (आताचे धाराशिव) हे पाच विमानतळ २००९ मध्ये खासगी कंपनीस ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने देण्याचा निर्णय, त्याची अंमलबजावणी आणि त्यावर महाराष्ट्र विधिमंडळात झालेली चर्चा होय. भाडेपट्टा रिलायन्स समूहातील (अनिल अंबानी गट) रिलायन्स एअरपोर्ट डेव्हलपर्स या कंपनीस मिळाला. २०२३ च्या अर्थसंकल्पी अधिवेशनात कंपनीकडून विमानतळांची देखभाल होत नसल्याचा आणि वैधानिक देणी थकल्याचा मुद्दा विधानसभेत उपस्थित झाला, तेव्हा शासनाने विमानतळ परत घेण्याची भूमिका जाहीर केली. खासगी कंत्राटदार वा भाडेपट्टाधारक आर्थिक अडचणीत आल्यास सार्वजनिक मालमत्ता शासनास केव्हा आणि कोणत्या मार्गाने परत घेता येते, हा या प्रकरणातील कळीचा प्रश्न आहे.

पार्श्वभूमी

नांदेड हे शिखांच्या पाच तख्तांपैकी एक असलेल्या तख्त सचखंड श्री हुजूर अबचलनगर साहिब या गुरुद्वाऱ्यामुळे देशविदेशातील भाविकांचे तीर्थक्षेत्र आहे. गुरू गोविंदसिंग यांचे १७०८ मध्ये येथेच निधन झाले. ऑक्टोबर २००८ मध्ये गुरू-ता-गद्दी त्रिशताब्दी सोहळा साजरा झाला. त्यानिमित्त शहरात मोठ्या प्रमाणावर सार्वजनिक बांधकामे झाली आणि विमानतळाचेही आधुनिकीकरण करण्यात आले. या विमानतळास श्री गुरू गोविंदसिंगजी यांचे नाव देण्यात आले आहे.

लातूर हे शिक्षण आणि शेतमाल बाजारपेठ यांसाठी ओळखले जाणारे मराठवाड्यातील दुसरे मोठे केंद्र आहे. लातूरचा विमानतळ शहराजवळ चिंचोलीराववाडी परिसरात आहे. दोन्ही शहरांतून मुंबईस जाण्यासाठी रेल्वेने वा रस्त्याने एक संपूर्ण रात्र खर्ची पडते. त्यामुळे विमानतळाचा प्रश्न येथे उद्योगधंद्याइतकाच तातडीचे वैद्यकीय उपचार आणि तीर्थयात्रा यांच्याशीही निगडित आहे.

भाडेपट्टा

महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियमान्वये १९६२ मध्ये स्थापन झालेले एमआयडीसी हे वैधानिक महामंडळ असून औद्योगिक क्षेत्रांचा विकास हे त्याचे मुख्य काम आहे. त्याच्याकडील पाच विमानतळ २००९ मध्ये एकाच कंपनीस ९५ वर्षांसाठी देण्यात आले. त्या वेळी नांदेडचे अशोक चव्हाण मुख्यमंत्री होते. त्यांच्यापूर्वी डिसेंबर २००८ पर्यंत हे पद लातूरचे विलासराव देशमुख यांच्याकडे होते.

२००९ पासून मोजल्यास भाडेपट्ट्याची मुदत २१०४ पर्यंत जाते. एवढ्या दीर्घ मुदतीत जमिनीची मालकी शासनाकडे राहते, पण विमानतळ सुरू ठेवणे वा न ठेवणे हे बहुतांशी भाडेपट्टाधारकाची इच्छा आणि ऐपत यांवर अवलंबून राहते. इमारतीचे कंत्राट अर्धवट सुटल्यास अपुरे बांधकाम डोळ्यांना दिसते. विमानतळाच्या भाडेपट्ट्यात धावपट्टीची दुरुस्ती, अग्निशमन व्यवस्था, सुरक्षा आणि परवान्याच्या अटींची पूर्तता यांत हळूहळू खंड पडत जातो, म्हणून दोष ठरविणे अधिक कठीण असते.

विमानसेवा

केंद्र शासनाच्या 'उडान' या प्रादेशिक हवाई जोडणी योजनेचा शुभारंभ पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी २७ एप्रिल २०१७ रोजी शिमला येथे केला. त्याच दिवशी ट्रूजेट या कंपनीच्या हैदराबाद-नांदेड सेवेसही त्यांनी दूरदृश्य प्रणालीद्वारे हिरवा झेंडा दाखविला. डिसेंबर २०१७ मध्ये एअर इंडियाने नांदेड-अमृतसर सेवा सुरू केली. सुवर्णमंदिर आणि हुजूर साहिब या दोन तीर्थस्थानांना जोडणारी ही सेवा भाविकांसाठी विशेष महत्त्वाची होती.

करोना साथीच्या काळात आणि त्यानंतर नांदेडची नियमित विमानसेवा खंडित झाली. ट्रूजेटने २०२२ मध्ये आपली उड्डाणे थांबविली. पुढे ३१ मार्च २०२४ रोजी स्टार एअर या कंपनीने नांदेड बंगळूर, दिल्लीजवळील हिंडन आणि पंजाबातील आदमपूर यांच्याशी जोडून सेवा पुन्हा सुरू केली. लातूर येथे मात्र नियमित प्रवासी सेवा टिकू शकली नाही.

विधिमंडळातील चर्चा

२०२३ च्या अर्थसंकल्पी अधिवेशनात माजी मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांनी हा विषय विधानसभेत मांडला. उत्तर देताना तत्कालीन उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सांगितले की, कंपनी विमानतळांची देखभाल करीत नाही आणि वैधानिक देणीही भरत नाही. विमानतळ परत घेण्याबाबत राज्याच्या महाधिवक्त्यांचे मत घेण्यात येत आहे. थकीत देणी प्रथम शासनाने भरून नंतर ती कंपनीकडून वसूल करता येतील काय, हाही पर्याय या संदर्भात पुढे आला. पुढील काळात हे विमानतळ परत घेऊन महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीमार्फत चालविण्याच्या दिशेने शासनाने पावले टाकली.

या चर्चेत दोन बाबी लक्षणीय ठरतात. पहिली, प्रश्न विचारणाऱ्या सदस्यांच्याच मुख्यमंत्रिपदाच्या काळात भाडेपट्टा झाला होता. म्हणजे करार आणि त्याची छाननी यांत सुमारे १४ वर्षांचे अंतर पडले. दुसरी, शासनाने मांडलेले कारण करारातील कर्तव्ये न पाळल्याचे होते, कंपनीच्या दिवाळखोरीचे नव्हते. कायद्याच्या दृष्टीने हा फरक निर्णायक आहे.

दिवाळखोरी कायदा आणि सार्वजनिक मालमत्ता

नादारी व दिवाळखोरी संहिता, २०१६ अन्वये राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाने एखाद्या कंपनीविरुद्धचा अर्ज दाखल करून घेतला की कलम १४ नुसार अधिस्थगन (मोरॅटोरियम) लागू होते. या काळात कंपनीच्या वहिवाटीत किंवा ताब्यात असलेली मालमत्ता मालकास अथवा भाडेपट्टा देणाऱ्यास परत घेता येत नाही. मालक शासकीय संस्था असली, तरी हा नियम बदलत नाही.

याचा महाराष्ट्रातील सर्वांत ठळक अनुभव मुंबईतील गोरेगाव (पश्चिम) येथील पत्राचाळ, म्हणजेच सिद्धार्थनगर पुनर्विकास प्रकल्पात आला. महाराष्ट्र गृहनिर्माण व क्षेत्रविकास प्राधिकरण (म्हाडा), रहिवाशांची संस्था आणि एचडीआयएल समूहातील गुरू आशिष कन्स्ट्रक्शन यांच्यात २००८ मध्ये त्रिपक्षीय करार झाला. सुमारे ४७ एकर जमिनीवर ६७२ भाडेकरूंचे पुनर्वसन व्हावयाचे होते. युनियन बँक ऑफ इंडियाच्या अर्जावरून २४ जुलै २०१७ रोजी कंपनीविरुद्ध दिवाळखोरी प्रक्रिया सुरू झाली. म्हाडाने करार संपुष्टात आणण्याची नोटीस त्यानंतर, जानेवारी २०१८ मध्ये दिली. हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. 'राजेंद्र के. भुट्टा विरुद्ध म्हाडा' या खटल्यात न्यायालयाने २०२० मध्ये निर्णय दिला की, विकसनासाठी कंपनीच्या प्रत्यक्ष वहिवाटीत असलेली म्हाडाची जमीनदेखील अधिस्थगनाच्या संरक्षणाखाली येते. घरे सोडून गेलेल्या रहिवाशांची प्रतीक्षा त्यामुळे आणखी लांबली. रखडलेल्या कामाचा पुनःप्रारंभ २२ फेब्रुवारी २०२२ रोजी तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांच्या हस्ते झाला.

कलम १४ मध्ये नंतर जोडलेल्या स्पष्टीकरणानुसार शासनाने दिलेला परवाना, सवलत किंवा तत्सम अधिकार केवळ दिवाळखोरीच्या कारणावरून रद्द करता येत नाही. मात्र अधिस्थगनाच्या काळातील चालू देणी कंपनीने नियमित भरली पाहिजेत, अशी अट आहे. 'टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस विरुद्ध विशाल घिसुलाल जैन' (२०२१) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे म्हटले की, दिवाळखोरीशी संबंध नसलेल्या करारभंगामुळे करार संपुष्टात आणला असल्यास न्यायाधिकरणाने त्यात सामान्यतः हस्तक्षेप करू नये. कंत्राटदाराच्या वतीने बँकेने दिलेली कामगिरी हमी अधिस्थगनाच्या कक्षेबाहेर राहते आणि ती वटविता येते. म्हणूनच करारभंगाची नोंद वेळच्या वेळी ठेवणे, नोटीस देणे आणि बँक हमीची मुदत संपू न देणे या साध्या वाटणाऱ्या कार्यालयीन बाबी पुढे सार्वजनिक मालमत्तेच्या संरक्षणाचा आधार ठरतात.

पालक कंपनीविरुद्धची प्रक्रिया

विधानसभेतील चर्चेनंतर सुमारे दोन वर्षांनी, ३० मे २०२५ रोजी, राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाने रिलायन्स एअरपोर्ट डेव्हलपर्सची पालक कंपनी रिलायन्स इन्फ्रास्ट्रक्चर हिच्याविरुद्ध दिवाळखोरी प्रक्रिया सुरू करण्याचा आदेश दिला. आयडीबीआय ट्रस्टीशिप सर्व्हिसेसने सुमारे ८८ कोटी रुपयांच्या थकबाकीबाबत अर्ज केला होता. अपील न्यायाधिकरणाने ४ जून २०२५ रोजी या आदेशास स्थगिती दिली. थकबाकीचा हा विषय सौरऊर्जा खरेदीशी संबंधित होता. विमानतळांशी त्याचा संबंध नव्हता.

पालक कंपनीविरुद्ध प्रक्रिया सुरू झाली, तरी तिच्या उपकंपनीची मालमत्ता आपोआप त्या प्रक्रियेत समाविष्ट होत नाही. संहितेच्या कलम १८ च्या स्पष्टीकरणात उपकंपनीच्या मालमत्ता स्पष्टपणे वगळल्या आहेत. तथापि, उपकंपनीतील समभाग ही पालक कंपनीची मालमत्ता असल्याने तिची मालकी बदलण्याची शक्यता राहते.

देखरेखीची साधने

विमानवाहतूक आणि विमानतळ हे विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील संघसूचीत येतात. परवाना आणि सुरक्षेचे नियमन केंद्राच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे आहे. प्रस्तुत विमानतळांची मालकी मात्र राज्याच्या महामंडळाची आहे. त्यामुळे परवान्याविषयीचा प्रश्न संसदेत आणि भाडेपट्ट्याविषयीचा प्रश्न विधिमंडळात, अशी जबाबदारीची विभागणी होते.

विधिमंडळाकडे तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना आणि अर्धा तास चर्चा ही तातडीची साधने आहेत. सखोल तपासणीसाठी लोकलेखा समिती आणि सार्वजनिक उपक्रम समिती यांच्यापुढे भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांचे अहवाल येतात, तसेच विभागांच्या सचिवांची साक्ष घेता येते. मंत्र्यांनी सभागृहात दिलेल्या आश्वासनाचा पाठपुरावा आश्वासन समिती करते. या समित्या शिफारस करू शकतात. करार रद्द करण्याचा अधिकार त्यांना नाही. शिवाय लेखापरीक्षण बहुधा घटनेनंतर होत असल्याने कंत्राटदाराची ढासळती आर्थिक स्थिती वेळेत सभागृहापुढे येईलच, याची खात्री नसते.

तुलना

ब्रिटनमध्ये कॅरिलियन ही मोठी बांधकाम कंपनी १५ जानेवारी २०१८ रोजी अवसायनात गेली. तेव्हा लिव्हरपूल आणि बर्मिंगहॅमनजीकच्या दोन सार्वजनिक रुग्णालयांचे बांधकाम अपूर्ण होते. ब्रिटिश संसदेच्या दोन समित्यांनी संयुक्त चौकशी करून कंपनीचे संचालक आणि लेखापरीक्षक यांना साक्षीस बोलाविले व मे २०१८ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. लिव्हरपूलचे रुग्णालय २०२२ मध्ये आणि दुसरे २०२४ मध्ये रुग्णांसाठी खुले झाले. अहवाल चार महिन्यांत तयार झाला, इमारतींस मात्र चार ते सहा वर्षे लागली.

महत्त्व

नांदेड-लातूर प्रकरण दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यांच्या संदर्भात विचारात घेतले जाते. ९५ वर्षांचा करार कंपनीच्या आर्थिक आयुष्यापेक्षा मोठा असू शकतो. अशा करारात देखभालीचे मोजता येण्याजोगे निकष, ठरावीक काळाने विधिमंडळापुढे अहवाल आणि ताबा परत घेण्याची स्पष्ट कार्यपद्धती नसल्यास दोष उघड होण्यास बराच काळ जातो. पत्राचाळीत करार संपविण्याची नोटीस दिवाळखोरी प्रक्रिया सुरू झाल्यानंतर निघाली आणि जमीन अधिस्थगनात अडकली. विमानतळांबाबत परत घेण्याची भूमिका पालक कंपनीविरुद्धच्या आदेशाच्या आधीच सभागृहात मांडली गेली होती.

हे सुद्धा पहा

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ
श्री गुरू गोविंदसिंगजी विमानतळ, नांदेड
लातूर विमानतळ
नादारी व दिवाळखोरी संहिता, २०१६
लोकलेखा समिती
उडान योजना