बालकांच्या स्वरविकारांचे संगणकीय ध्वनिविश्लेषण

बालकांच्या स्वरविकारांचे संगणकीय ध्वनिविश्लेषण म्हणजे मुलाचा आवाज ध्वनिमुद्रित करून त्याची वारंवारता, तीव्रता व नियमितता संगणकाच्या साहाय्याने मोजण्याची पद्धत होय. मुलांचा आवाज दीर्घकाळ घोगरा राहण्याचे एक नेहमीचे कारण म्हणजे सतत ओरडण्यामुळे स्वरतंतूंवर आलेल्या गाठी. लहान मुले घशात दुर्बीण सहजासहजी घालू देत नाहीत. त्यामुळे केवळ मायक्रोफोनवर भागणारी ही चाचणी त्यांच्या बाबतीत सोयीची ठरते.

पद्धत

शांत खोलीत मुलाला ‘आ’ हा स्वर एका सुरात लांबवण्यास सांगतात. प्रौढांना सोपी वाटणारी ही गोष्ट चार वर्षांच्या मुलाला जड जाते. ते मध्येच हसते, सूर चढवते किंवा त्याचा श्वास संपतो. म्हणून अनेक नमुने घेऊन त्यांतील स्थिर भाग निवडला जातो. अ‍ॅम्स्टरडॅम विद्यापीठातील पॉल बोर्स्मा व डेव्हिड वेनिंक यांनी विकसित केलेली ‘प्राट’ ही विनामूल्य संगणकप्रणाली यासाठी जगभर वापरली जाते.

स्वरतंतूंच्या लागोपाठच्या कंपनांच्या कालावधीत पडणाऱ्या फरकास ‘जिटर’, तर त्यांच्या आयामातील फरकास ‘शिमर’ म्हणतात. प्रौढ पुरुषाच्या आवाजाची मूलभूत वारंवारता सुमारे १२० हर्ट्झ, स्त्रीची सुमारे २०० हर्ट्झ, तर लहान मुलाची साधारणतः २५० ते ३०० हर्ट्झ असते. पुरुषांसाठी ठेवलेली ३०० हर्ट्झची वरची मर्यादा न बदलल्यास मुलाचा चढा सूर निम्म्या वारंवारतेचा नोंदला जाऊ शकतो आणि पुढील सर्व आकडे चुकतात. जिटरसाठी प्रचलित असलेली १.०४ टक्क्यांची सीमारेषाही मुलांना जशीच्या तशी लावणे योग्य नाही.

मर्यादा

जिटर व शिमर काढण्यासाठी प्रत्येक कंपन स्वतंत्रपणे ओळखता यावे लागते. इंगो टिट्झे यांनी १९९५ मध्ये स्वरसंकेतांचे तीन प्रकार मांडले. त्यांपैकी जवळजवळ नियमित असलेल्या पहिल्या प्रकारातच ही मापने विश्वसनीय ठरतात. साहजिकच आवाज जितका अधिक बिघडलेला, तितका आकडा कमी भरवशाचा. अशा आवाजांसाठी कंपने वेगळी न करता काढता येणारे सेप्स्ट्रमवर आधारित मापन अधिक उपयुक्त असते.

घोगरेपणाचे कारण मात्र कोणत्याही मापनातून कळत नाही. साध्या गाठी आणि श्वासमार्ग अडवू शकणारे स्वरयंत्रातील पॅपिलोमा या दोहोंत आवाज सारखाच घोगरा असू शकतो. घोगरेपणासोबत श्वास घेताना घरघर किंवा शिट्टीसारखा आवाज येत असल्यास कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून दुर्बिणीची तपासणी विनाविलंब करून घ्यावी लागते. ध्वनिविश्लेषणाचा खरा उपयोग निदानानंतर, त्याच मुलाच्या उपचारापूर्वीच्या व नंतरच्या आवाजाची तुलना करण्यासाठी होतो. त्या वेळी मायक्रोफोन व त्याचे तोंडापासूनचे अंतर दोन्ही वेळा एकच ठेवतात.