पुण्याचा हिशेब आणि कृपा

पंडिता रमाबाईंच्या धर्मांतराची चर्चा आपल्याकडे बहुधा २९ सप्टेंबर १८८३ या तारखेवर येऊन थांबते. त्या दिवशी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी व लहानग्या मनोरमेने बाप्तिस्मा घेतला. पण १९०७ साली रमाबाईंनी लिहिलेली साक्ष वेगळेच सांगते. बाप्तिस्म्याने मला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मिळाला नाही, असे त्यांचे म्हणणे. तो मिळायला आणखी आठ वर्षे लागली. ही आठ वर्षे समजून घेतल्याशिवाय त्यांच्या पुढच्या कार्याचा उलगडा होत नाही, असे मला वाटते.

त्याची मुळे बालपणात आहेत. अनंतशास्त्री डोंगरे यांचे कुटुंब पुराणे सांगत, तीर्थे करत देशभर पायी फिरले. व्रते, उपास, दाने यांनी पाप धुवायचे आणि पुण्य जोडायचे, हा त्या घराचा अखंड उद्योग होता. दुष्काळात जवळचे सारे सरले. आई, वडील आणि थोरली बहीण गेली. किती पुण्य जमले म्हणजे पुरे, हे मात्र कुणीच सांगू शकत नव्हते.

धर्म बदलला तरी हा हिशेब सुटला नाही. पश्चात्ताप करावा, पाप सोडण्याचा निश्चय करावा, बाप्तिस्मा घ्यावा, म्हणजे क्षमा मिळते, अशी त्यांची समजूत होती. निश्चय मोडत आणि अपराधाचे ओझे वाढत जाई. अशा काळात विल्यम हॅस्लम यांचे आत्मकथन त्यांच्या वाचनात आले. हॅस्लम कॉर्नवॉलमधील अँग्लिकन धर्मोपदेशक. इतरांना उपदेश करता करता, व्यासपीठावरच, आपणच अजून तारलेले नाही आहोत हे त्यांना उमगले होते. रमाबाईंना त्यात स्वतःची अवस्था दिसली.

त्यांना गवसले ते तत्त्व नवे नव्हते. माणूस सत्कर्मांनी नव्हे, तर विश्वासाच्या द्वारे केवळ कृपेने नीतिमान ठरतो, हा पौलाच्या पत्रांतला विचार. सोळाव्या शतकात ल्यूथरने त्यावरच रोमशी वाद मांडला. कर्ज फेडायचे नाही, ते दुसऱ्याने फेडलेले आहे हे मान्य करायचे, एवढाच त्याचा मथितार्थ. आयुष्यभर फेडतच आलेल्या बाईला हे मान्य करणे सोपे गेले नसणार.

या मुक्ततेची किंमतही पडली. १८८९ साली सुरू झालेले शारदा सदन धर्माबाबत तटस्थ राहील, असे आश्वासन होते. पण आपली प्रार्थना दार लावून करायला रमाबाई तयार नव्हत्या, आणि मुली तिथे येऊन बसू लागल्या. १८९३ साली न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. विश्वास मोडल्याची त्यांची तक्रार निराधार म्हणता येणार नाही. रमाबाईंचीही अडचण खरी होती: जे फुकट मिळाले, ते लपवायचे कसे?

कृपेच्या सिद्धान्तावर एक जुना आक्षेप आहे. क्षमा आयतीच मिळत असेल, तर माणूस चांगले वागेल कशाला? केडगावचा इतिहास हे त्याचे एक उत्तर आहे. १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून रमाबाईंनी सुमारे तीनशे मुली आणल्या. पुढे गुजरातच्या दुष्काळातल्या आल्या. हे सारे सुटकेसाठी केलेले काम नव्हते, सुटका झाल्यावरचे होते. म्हणून त्याला आपण सहज ‘पुण्यकर्म’ म्हणतो, तो शब्द त्यांना रुचला नसता.

बाप्तिस्म्यापूर्वी लंडनजवळ फुलहॅम येथे, समाजाने पतित ठरवलेल्या स्त्रियांची शुश्रूषा करणाऱ्या वाँटेजच्या भगिनी त्यांनी पाहिल्या होत्या. पुढे केडगावी अशाच स्त्रियांसाठी त्यांनी वेगळे घर काढले. तिथे येणाऱ्या बाईच्या पदरी पुण्य किती, हे विचारायचे नव्हते. त्या घराचे नाव होते कृपासदन.