प्रवीण आमरे : अकरा कसोट्यांनंतर

१/ नोव्हेंबर १९९२, दरबान. वर्णभेदी धोरणामुळे दोन दशके बहिष्कृत राहिलेल्या दक्षिण आफ्रिकेत भारताची ही पहिलीच कसोटी. ४ बाद ३८ अशी अवस्था असताना आचरेकर सरांच्या शिष्याने, प्रवीण आमरे यांनी, पदार्पणातच १०३ धावा केल्या.

२/ ऑगस्ट १९९३ मध्ये ते अखेरची कसोटी खेळले. ११ कसोट्या, सरासरी ४२.५०, वय जेमतेम पंचवीस. कसोटी संघाचे दार पुन्हा उघडले नाही.

३/ मुंबई, रेल्वे, राजस्थान, बंगाल, गोवा अशा अनेक संघांकडून ते खेळले. ज्या देशात शतक झळकावले, त्याच दक्षिण आफ्रिकेतील बोलंड या प्रांतिक संघाकडूनही ते मैदानात उतरले.

४/ पुढे ते प्रशिक्षक झाले. २००६-०७ च्या रणजी मोसमात पहिले तिन्ही सामने गमावलेला मुंबईचा संघ त्यांच्या मार्गदर्शनाखाली अखेर विजेता ठरला.

५/ शिवाजी पार्कवर त्यांनी घडवलेल्या श्रेयस अय्यरने नोव्हेंबर २०२१ मध्ये कानपूरला कसोटी पदार्पणात १०५ धावा केल्या. गुरूच्या शतकाला तेव्हा २९ वर्षे झाली होती. केवळ आकडे पाहिले, तर आमरे यांची कसोटी कारकीर्द नऊ महिन्यांची. परंपरा पाहिली, तर ती अजून संपलेली नाही.