पावसाळा, अनवाणी पाय आणि चामड्याचा चेंडू

कोलकात्याचा फुटबॉल म्हटलं की मोहन बागान आणि ईस्ट बंगाल आठवतात, पेटलेले प्रेक्षक आठवतात. आज आपण खेळाडूंकडे नाही, चेंडूकडे बघू. या शहरातल्या पोरांनी तो मिळवला कसा आणि जपावा कसा लागे, हीसुद्धा इतिहासाचीच गोष्ट आहे.

कथा सांगतात ती १८७७ सालची. नगेंद्रप्रसाद सर्वाधिकारी नावाचा लहान मुलगा आईबरोबर गंगास्नानाला निघाला होता. मैदानावर गोरे फुटबॉल खेळत होते. चेंडू बाहेर आला, तो याने उचलला आणि लाथ मारून परत पाठवला. पुढे हेअर स्कूलच्या वर्गमित्रांनी वर्गणी काढली आणि चेंडू विकत आणला. तो निघाला रग्बीचा! प्रेसिडेन्सी कॉलेजचे प्राध्यापक स्टॅक यांनी पोरांना योग्य चेंडू आणि खेळाचे नियम दिले, असं सांगतात. कथेत भर पडली असेल, पण मुद्दा खरा आहे. चेंडू महाग होता, परका होता आणि सगळ्यांत मिळून एकच होता. तो फाटला की खेळ थांबला.

आता तो चेंडू कसा होता ते बघा. बाहेर चामड्याचे तुकडे शिवलेले, आत रबरी ब्लॅडर. एका बाजूला चीर. त्या चिरेतून ब्लॅडरची नळी बाहेर काढून हवा भरायची, नळी दुमडून घट्ट बांधायची, आत सारायची आणि वरून बुटासारखी नाडी ओवायची. नाडीची गाठ वर राहिली तर डोक्याने चेंडू मारणाऱ्याच्या कपाळाला ती लागायची.

कोलकात्यात फुटबॉलचा हंगाम म्हणजे ऐन पावसाळा. चामडं पाणी पितं. सामना सुरू होताना ठीक असलेला चेंडू चिखलात खेळून जड व्हायचा. म्हणून सामन्यानंतर चिखल पुसायचा, थोडी हवा सोडायची आणि चेंडू सावलीत, वाऱ्यावर वाळवायचा. कडक उन्हात किंवा चुलीजवळ ठेवला की चामडं कडक होऊन तडकतं. वाळल्यावर चरबी किंवा मेण चोळायचं, म्हणजे चामडं मऊ राहतं आणि पाणी कमी शोषतं. शिवण उसवली की मोच्याची आरी हवीच.

आणि या चेंडूला मारायचं कोणी? अनवाणी पायांनी! समोरच्या पलटणींच्या पायांत बूट. कोरड्या मैदानावर अनवाणी खेळाडू चपळ, पण चिखलात त्याचा पाय घसरणार आणि भिजलेला चेंडू पायाला दगडासारखा लागणार. तरीही १८९२ मध्ये शोभाबाजार क्लबने ट्रेड्स कपमध्ये ईस्ट सरे रेजिमेंटला हरवलं. २९ जुलै १९११ रोजी मोहन बागानने आयएफए शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असं नमवलं. कर्णधार शिवदास भादुरींनी बरोबरी साधली, अभिलाष घोषांनी विजयी गोल केला. अकरांपैकी फक्त सुधीर चटर्जींच्या पायांत बूट होते. बंगभंगाच्या जखमा ताज्या होत्या, म्हणून हा विजय खेळापुरता उरला नाही.

मग काळ बदलला. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये युगोस्लाव्हियाने आपल्याला १०-१ असं हरवलं, त्यानंतर भारतीय फुटबॉलमध्ये बूट सक्तीचे झाले. चेंडूही बदलला. १९८६ च्या विश्वचषकात पूर्णपणे कृत्रिम साहित्याचा चेंडू आला. तो पाणी फारसं पीत नाही, म्हणून चरबी गेली.

पण काळजी संपलेली नाही. आजचा चेंडू ओल्या फडक्याने पुसा, सावलीत वाळवा. पंपाची सुई ओली करून मगच घाला, नाहीतर वॉल्व्ह फाटतो. हवा चेंडूवर छापलेल्या आकड्याइतकीच भरा. त्यावर बसू नका, भिंतीच्या खरखरीत गिलाव्यावर आपटू नका.

आपल्या कोल्हापुरात पेठापेठांच्या तालमींनी फुटबॉल जिवंत ठेवला. तिथला अनिकेत जाधव २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. त्या स्पर्धेचा अंतिम सामना झाला तो कोलकात्यातच.

मोठ्या विजयांच्या तारखा पुस्तकात राहतात. चेंडू पुसून, वाळवून, उद्याच्या खेळासाठी तयार ठेवणाऱ्या हातांची नोंद कुठेच नसते. मैदानावरचा इतिहास त्यांच्याही जिवावर चालला, एवढं लक्षात ठेवूया.