थकवा, पलंग आणि अंगण

आमच्या भांडगावात कुणाला रक्ताचा कॅन्सर झाल्याचं कळलं की घरचे दोन गोष्टी लगेच करतात. पेशंटला पलंगावर झोपवतात आणि 'ताकदीचं' काहीतरी आणतात. नात्यातल्या एका मुलाच्या बाबतीत हे जवळून पाहिलं. केमोथेरपी संपून दोन महिने झाले तरी न्हाणीपर्यंत जाताना तो धापा टाकायचा. आई म्हणायची, "हलू नको रे बाळा." आईच्या मायेला कोण नावं ठेवणार? पण मी पडलो इतिहासाचा मास्तर. या समजुतींचं पुढे काय झालं ते शोधत बसलो. हाती लागलं ते इथे मांडतो.

सुरुवात मुंबईपासून करू. सर दोराबजी टाटांच्या पत्नी लेडी मेहेरबाई टेनिस उत्तम खेळत, तेही साडी नेसून. दोराबजींनाही खेळाचं वेड. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचे ते अध्यक्ष होते आणि 1920 च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारतीय खेळाडू पाठवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. अशा घरातल्या मेहेरबाई 1931 मध्ये रक्ताच्या कॅन्सरने गेल्या. तेव्हा या आजारावर खात्रीचं औषधच नव्हतं. दोराबजींनी 1932 मध्ये त्यांच्या नावाने ल्युकेमियाच्या संशोधनासाठी ट्रस्ट स्थापन केला आणि त्याच वर्षी तेही गेले. पुढे टाटा ट्रस्टनेच परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल उभारलं. ते 1941 मध्ये सुरू झालं.

गंमत पाहा, 1931 मध्येच मुंबईशी जोडलेली आणखी एक गोष्ट घडली. ल्युसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरीणबाई इथल्या गिरणी कामगार बायकांचा अभ्यास करत होत्या. गरोदरपणात या बायकांचं रक्त फार कमी व्हायचं. यीस्टपासून केलेला मार्माइट नावाचा स्वस्त पदार्थ दिला की त्या सुधारत. त्यातला गुणकारी घटक म्हणजे फॉलिक अॅसिड, हे नंतर कळलं.

मग वाटणारच, की रक्त वाढवणारी वस्तू रक्ताच्या कॅन्सरलाही चालेल. अमेरिकेत बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी ल्युकेमियाच्या मुलांना फॉलिक अॅसिड देऊन पाहिलं. झालं उलटंच. आजार जोरात वाढतोय असं त्यांना दिसलं. तेव्हा त्यांनी फॉलिक अॅसिडला अडवणारं औषध वापरलं. ते बनवलं होतं आपल्या आंध्रच्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने. 1948 साली फार्बर यांनी लिहिलं की 16 पैकी 10 मुलांत सुधारणा दिसली. ती तात्पुरतीच होती, पण आधुनिक केमोथेरपीचा पाया त्यातून घातला गेला. एका आजारात जे ताकद देतं, ते दुसऱ्यात घात करू शकतं. टॉनिकची बाटली आणण्याआधी एवढं आठवावं.

आता पलंगाकडे वळू. 1966 साली अमेरिकेत डॅलसला विशीतल्या पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवलं. त्यांचा दमसास एवढा घटला, की तीस वर्षांनी, पन्नाशीत, त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं तेव्हाही तो इतका खाली गेलेला नव्हता. तीस वर्षांच्या वयाने केलं नाही ते तीन आठवड्यांच्या पलंगाने केलं! निरोग्यांची ही गत, तर आजाऱ्याचं काय? थकला म्हणून झोपतो, झोपल्याने स्नायू झिजतात, स्नायू झिजले म्हणून आणखी थकतो.

तरीही कॅन्सरच्या पेशंटला आराम सांगण्याची रीत बरीच वर्षं चालली. 1997 मध्ये जर्मनीतल्या डॉ. फर्नांडो डिमेओ यांनी वेगळं करून दाखवलं. जबर केमोथेरपी घेतलेल्या पेशंटांना त्यांनी रोज अर्धा तास, झोपल्याझोपल्या, सायकलचे पायडल मारायला लावले. घरी जाताना त्यांची ताकद इतरांपेक्षा कमी घटलेली होती. मग पुष्कळ अभ्यास झाले. आता 2019 पासूनच्या आंतरराष्ट्रीय शिफारशी सांगतात, की आठवड्यातून तीनदा अर्धा तास बेताचा व्यायाम केला तर कॅन्सरचा थकवा कमी होतो.

अर्धा तास एकदम नव्हे बरं का. आमच्या गावावरून तुकोबांची पालखी जाते. पंढरपूर कुणी एका दिवसात गाठत नाही, मुक्काम करत जातात. पेशंटनेही आधी अंगणात पाच मिनिटं चालावं, मग सात.

आहाराचंही तसंच. कच्चं फळ अजिबात नको, असं पूर्वी सर्रास सांगत. 2023 मध्ये इटलीतल्या दोनशेहून अधिक पेशंटांवरच्या अभ्यासात, नीट धुतलेली फळं खाणाऱ्यांना जंतुसंसर्ग जास्त झाला नाही. अर्थात आपल्या पाण्याचा भरवसा पाहून डॉक्टरांनाच विचारावं. डाळ, अंडी, दही, मासे यांतली प्रथिनं हवीतच. भूक नसेल तर थोडं थोडं, पण दिवसातून सहा वेळा द्यावं. लोहाच्या गोळ्या मात्र मनाने देऊ नयेत. वारंवार रक्त चढवलेल्यांच्या अंगात लोह आधीच जास्त साचलेलं असतं.

ताप असेल, प्लेटलेट किंवा हिमोग्लोबिन फार उतरलं असेल, किंवा मायलोमाने हाडं ठिसूळ झाली असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय व्यायाम नाही. आणि थकवा रक्त कमी झाल्याने आहे, झोप नसल्याने, की मन खचल्याने, हेही त्यांच्याकडून तपासून घ्यावं.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी कुणाला भेटायला जाल तेव्हा टॉनिक नेऊ नका. डॉक्टरांची हरकत नसेल तर त्याला हाताला धरून अंगणात दोन फेऱ्या मारून आणा. गप्पाही होतील.