नाईल नदी आणि ईजिप्तचें राजपद

ग्रीक इतिहासकार हिरोडोटस यानें ईजिप्तला नाईल नदीची देणगी म्हटलें, हें सर्वश्रुत आहे. त्यावरून पुढील काळांत कित्येक विद्वानांनीं असें अनुमान काढलें कीं, तेथील राजाही नदीचीच देणगी होय. पूर आवरावयाचा, कालवे काढावयाचे, पाणी वांटून द्यावयाचें, तर सर्वांवर हुकमत चालविणारा एक धनी हवाच; म्हणून लोकांनीं राजा मान्य केला! हा तर्क वरवर पाहतां बिनतोड वाटतो. परंतु पुराव्याच्या कसोटीस तो उतरतो काय, हें पाहणें अगत्याचें आहे.

आस्वानचें मोठें धरण होण्यापूर्वीं नाईलचा पूर दर वर्षीं उन्हाळ्यांत चढे, शेतांवर गाळ पसरी आणि आपोआप ओसरे. बांध घालून तें पाणी कांहीं आठवडे शेतांत कोंडून ठेवणें, हें काम शेजारच्या चार गांवांच्या आवांक्यांतलें होतें. ‘विंचू’ नांवाच्या राजाच्या गदेवर, हातांत कुदळ घेऊन जलप्रवाहाकांठीं उभा असलेला राजा कोरलेला आहे खरा; पण मुहूर्ताची कुदळ मारणारा यजमान म्हणजे कालवेखात्याचा अधिकारी नव्हे.

राजपदाच्या खऱ्या खुणा थडग्यांत सांपडतात. दक्षिण ईजिप्तमधील नेखेन येथें इ. स. पू. ३५०० च्या सुमाराच्या एका थडग्याच्या भिंतीवर, गदा उगारून बंदिवानांवर प्रहार करणारा पुरुष चितारलेला होता. पुढें इ. स. पू. ३१०० च्या सुमारास नार्मर राजाच्या शिलापट्टावर तोच देखावा पुन्हां आढळतो. आणि हा पट्टही १८९७-९८ च्या उत्खननांत नेखेन येथेंच मिळाला. या दोहोंच्या मधल्या काळांतील, अबायडॉस येथील बारा दालनांचें एक थडगें १९८८ सालीं जर्मन संशोधकांनीं उघडलें. त्यांत परदेशी धर्तीचीं शेंकडों मद्यपात्रें होतीं, आणि हाडांच्या व हस्तिदंती लहान पट्ट्यांवर मालाच्या नोंदीचीं चिन्हें होतीं. लेखनाचा आरंभ राजाच्या कोठारांत दिसावा, हें अर्थपूर्ण आहे.

पालेर्मो येथील प्रसिद्ध शिलालेखांत तर पहिल्या राजवंशापासून वर्षावर्षाच्या पुराची उंची नोंदलेली आहे. पुरावर पीक आणि पिकावर सारा, हें ध्यानीं घेतलें म्हणजे या मोजणीचें मर्म कळतें. राजा पूर आवरीत नव्हता. तो मोजीत होता.

या सत्तेची किंमतही लहान नव्हती. पहिल्या राजवंशांतील जेर राजाच्या थडग्याभोंवतीं सेवकजनांचीं ३०० हून अधिक थडगीं आहेत. त्यांतील कित्येकांना राजाबरोबर जाण्यासाठीं मारलें असावें, असें संशोधक मानतात. तथापि केवळ गदेच्या बळावर राजपद तीन हजार वर्षें टिकत नाहीं. राजाविना सृष्टीचा क्रम, त्यांच्या भाषेंत ‘मआत’, ढासळेल, ही श्रद्धा लोकमानसांत रुजली, आणि भयाच्या जोडीला भक्ति आली.

म्हणून ‘लोकांना गरज होती’ हें उत्तर सावधपणेंच स्वीकारावें. सत्ता आधीं उभी राहते आणि तिची आवश्यकता मागाहून सांगितली जाते, हा क्रम ईजिप्तमध्यें तरी स्पष्ट दिसतो. नाईलनें शेतकऱ्याला धान्य दिलें. राजानें तें मोजून घेतलें.